अँजिओग्राफी स्वच्छ, तरी छातीत कळ: फोंड्यातल्या एका बाईंचं प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ५१. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. सारा गाव त्यांना बाई म्हणतो, इथेही तेच नाव ठेवतो.

तक्रार सुरू झाली ती चवथीच्या आदल्या दिवशी. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, नारळ, चिबूड, सुपारीचे घड बांधायला त्या हात वर करून बराच वेळ उभ्या होत्या. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं झालं, कळ जबड्यापर्यंत गेली, घाम आला. खाली बसल्या तरी दुखणं लगेच थांबलं नाही, वीसेक मिनिटं रेंगाळलं. घरात पाहुणे, नैवेद्याची घाई, त्यामुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढे शाळेच्या चढावर हे वरचेवर होऊ लागलं. मग पहाटेही होऊ लागलं, झोपेतून जाग यावी इतकं.

मधुमेह सहा वर्षांपासून, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. आई साठीच्या आत हृदयविकाराने गेलेली. स्वतः तंबाखूला शिवलेल्या नाहीत. यजमान कदंबा या सरकारी बससेवेत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांची सिगरेट मात्र निवृत्त झालेली नाही.

तपासणीत रक्तदाब १४२/८८. विश्रांतीतला ईसीजी साफ. एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, हिमोग्लोबिन ११.९, थायरॉईड ठीक. एकोमध्ये हृदयाचं आकुंचन चांगलं. ट्रेडमिलवर दुसऱ्या टप्प्यातच छातीत तीच कळ आली आणि ईसीजीतला एसटी भाग खाली गेला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. एवढ्यावर अँजिओग्राफीचा सल्ला देणं योग्यच होतं आणि ती एका मोठ्या रुग्णालयात झाली. तिन्ही धमन्या गुळगुळीत, कुठे अरुंदपणा नाही.

डिस्चार्ज कार्डावर दोन वाक्यं होती. पहिलं, कोरोनरी धमन्या नॉर्मल. दुसरं, दुखणं हृदयाचं नाही. सोबत पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, रात्रीसाठी झोपेची हलकी गोळी आणि तोंडी सल्ला, की वयाचं आहे, टेन्शन घेऊ नका. धडधड होते म्हणून नंतर आणखी कुणीतरी प्रोप्रॅनोलॉल हे ठोके मंदावणारं औषध सुरू केलं. त्यानंतर पहाटेचं दुखणं वाढलं, असं बाईंनी स्वतःच्या वहीत तारखांसह लिहून ठेवलं होतं. शाळामास्तरांच्या वह्या अशा वेळी फार उपयोगी पडतात.

माझ्याकडे आल्या तेव्हा फाईल टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, हृदय ठीक आहे म्हणतात. मग आता पेढे वाटू, की दुसरा डॉक्टर बघू?"

अँजिओग्राफीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ती नीट केलेली होती, चित्रं मी पाहिली. आक्षेप आहे तो कार्डावरच्या दुसऱ्या वाक्याला. पहिलं वाक्य बघून लिहिलेलं होतं, दुसरं न बघता.

अँजिओग्राफीत काय दिसतं

अँजिओग्राफी म्हणजे धमनीत सोडलेल्या रंगद्रव्याची सावली. रक्ताला जायला आतून किती जागा आहे, एवढंच ती दाखवते, तेही पलंगावर शांत पडलेल्या माणसात. ढोबळमानाने अर्धा मिलिमीटरहून बारीक वाहिन्या तिच्यात दिसतच नाहीत. आणि हृदयाच्या स्नायूत कुठे किती रक्त जायचं ते ठरतं याच बारीक वाहिन्यांत, कारण प्रवाहाला होणारा बहुतेक अडथळा तिथेच असतो. वरच्या मोठ्या धमन्या निरोगी असतील तर त्या फक्त रक्त पुढे पोचवतात.

शरीरातले इतर स्नायू काम वाढलं की आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. हृदयाला ही सोय जवळपास नाही. निवांत बसलेल्या माणसाचं हृदयही आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतच असतं. चढ चढताना गरज वाढली, तर रक्ताचा प्रवाह वाढवणं हाच मार्ग उरतो आणि निरोगी हृदयात तो तीन ते पाच पट वाढू शकतो. त्यासाठी वाहिन्यांच्या भिंतीतला स्नायू सैल व्हावा लागतो. तो झाला नाही, तर धमनीत एक कणही साठलेला नसताना हृदयाचा स्नायू उपाशी राहतो. बाईंच्या बाबतीत खरा प्रश्न होता तो हा, की त्यांच्या वाहिन्या गरज पडल्यावर सैल होतात का.

सैल व्हायचा हुकूम स्नायूला देतं कोण? बराच काळ उत्तर होतं मज्जातंतू आणि रक्तातली संप्रेरकं. आतलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, पेशींचा एकच थर. रक्त आणि भिंत यांच्यामधला तो निव्वळ पडदा, असंच मानलं जाई.

ब्रुकलिनमधली पट्टी

ही समजूत मोडली ती एका चुकलेल्या प्रयोगाने. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट हे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर औषधांचे परिणाम वर्षानुवर्षं मोजत होते. त्यांना एक कोडं सतावत असे. ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं रसायन जिवंत प्राण्याला टोचलं की वाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो, पण त्यांच्या पट्टीवर तेच घातलं की पट्टी आखडते. १९७८ मध्ये त्यांच्या साहाय्यकाने प्रयोगाचा क्रम चुकवला. आधीचं औषध धुवून काढायच्या आधीच ॲसिटिलकोलीनसारखं काम करणारं दुसरं औषध घातलं. आणि धमनीचा तुकडा सैल झाला.

चुकीचा प्रयोग म्हणून तो निकाल टाकून देणं सोपं होतं. फर्चगॉट त्याच्या मागे लागले. फरक औषधात नव्हता, तुकडा कसा कापला यात होता. पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटाला किंवा दुसऱ्या पृष्ठभागाला घासली जाई आणि अस्तर निघून जाई. न घासता कापलेले तुकडे सैल होत, अस्तर मुद्दाम खरवडून काढलेले आखडत. मग त्यांनी अस्तर काढलेली एक पट्टी अस्तर असलेल्या दुसऱ्या पट्टीला चिकटवून ठेवली. स्वतःचं अस्तर नसलेली पट्टीही आता सैल झाली. म्हणजे अस्तरातून काहीतरी बाहेर पडून शेजारच्या स्नायूपर्यंत जात होतं. फर्चगॉट आणि झवाड्झकी यांचा हा निबंध १९८० मध्ये 'नेचर'मध्ये आला. शरीरशास्त्रातले इतके साधे आणि इतके निर्णायक प्रयोग थोडेच असतील. सुरी, पट्टी आणि डोळस माणूस, एवढंच भांडवल.

ते काहीतरी म्हणजे काय, हे कळायला आणखी काही वर्षं गेली, कारण ते काही सेकंदांतच नाहीसं होई. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे एकच अंदाज मांडला, की हा नायट्रिक ऑक्साईड वायू असावा. १९८७ मध्ये लंडनला साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने अस्तराच्या पेशींतून तो बाहेर पडतो हे मोजून दाखवलं. फेरीद मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं, की नायट्रोग्लिसरीन हे छातीदुखीवरचं जुनं औषध शरीरात हाच वायू सोडतं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादा राहिले आणि त्यावरचा वाद अजून पुरता शमलेला नाही. गाड्यांच्या धुरात प्रदूषण म्हणून ओळखला जाणारा हा वायू आपल्या प्रत्येक धमनीत दर क्षणी तयार होत असतो, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडलं नव्हतं.

हुकूम कसा पोचतो

अस्तराच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) असतं, त्याचं आखूड नाव ईनॉस. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून ते नायट्रिक ऑक्साईड बनवतं. ॲसिटिलकोलीनसारखा निरोप आला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि विकर कामाला लागतं. तयार झालेला वायू पेशीची भिंत सहज ओलांडून शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो. तिथे दुसऱ्या एका विकराला जागं करतो, त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू तयार होतो, स्नायूतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैल पडतो. काम झाल्यावर सायक्लिक जीएमपीला मोडणारं विकरही तिथेच असतं. त्यालाच अडवणारी सिल्डेनाफिलची (व्हायग्रा) गोळी १९९८ मध्ये बाजारात आली. सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीदुखीवरची नायट्रेटची गोळी, घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब धोकादायक कोसळतो तो याचमुळे: एक गोळी हुकूम वाढवते आणि दुसरी तो मिटू देत नाही.

ॲसिटिलकोलीन हा प्रयोगशाळेतला निरोप. रोजच्या जगण्यात अस्तराला सर्वांत मोठा निरोप देतं ते वाहतं रक्तच. रक्त जोरात वाहू लागलं की अस्तरावर त्याचं घर्षण वाढतं, पेशींना ते कळतं आणि त्या जास्त वायू सोडतात. बाईंना हे सांगताना मी खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीचा (पाण्याच्या दाराचा) आधार घेतला, त्यांचं माहेर दुर्भाटच्या बाजूचं असल्याने. मानशीची फळी कुणी माणूस दर भरतीला उघडत-मिटत नाही, पाण्याचा जोरच तिला ढकलतो. वाहिनी उघडते ती अशीच, रक्ताच्या ओढीने. बाई लगेच म्हणाल्या, "आणि फळी कुजली तर?"

हाच तर प्रश्न होता. अस्तर बिघडलं की ते जागच्या जागी असतं, सूक्ष्मदर्शकाखालीही अनेकदा धड दिसतं, पण वायू पुरेसा सोडत नाही. मधुमेहात जास्त साखरेमुळे पेशीत सुपरऑक्साईड नावाचा आक्रमक रेणू वाढतो आणि तो नायट्रिक ऑक्साईडला वाटेतच गाठून नष्ट करतो. आणखी वाईट म्हणजे, ईनॉसला लागणारा एक साहाय्यक रेणूही त्यात खराब होतो आणि मग ईनॉस स्वतःच सुपरऑक्साईड बनवायला लागतं. एलडीएल वाढलेलं असलं की हेच घडतं. इस्ट्रोजेन ईनॉसला चालना देतं, त्यामुळे पाळी गेल्यावर तो आधार ओसरतो. सिगरेटच्या धुराचं तर काही सांगायलाच नको. निरोगी तरुणांमध्येही, स्वतः न ओढता वर्षानुवर्षं दुसऱ्याचा धूर घेतल्याने अस्तराचं काम मंदावतं, हे १९९६ मध्ये सेलर्मायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. बाईंच्या बाबतीत यातलं प्रत्येक कारण हजर होतं.

बिघडलेल्या अस्तराची खूण १९८६ मध्ये बोस्टनच्या लुडमर आणि सहकाऱ्यांनी माणसात पकडली. मोजक्या रुग्णांच्या हृदयधमनीत त्यांनी ॲसिटिलकोलीन सोडलं. निरोगी धमन्या सैल झाल्या, चरबीचे थर असलेल्या आखडल्या. ॲसिटिलकोलीनचे हुकूम दोन असतात: अस्तराला सैल कर म्हणून, स्नायूला आखड म्हणून. अस्तर धड असलं की पहिला जिंकतो. नायट्रोग्लिसरीन दिल्यावर मात्र आखडलेल्या धमन्याही उघडल्या, म्हणजे स्नायू ठीक होता, त्याला मिळणारा निरोपच बिघडला होता. फर्चगॉटने बोटाने घासून जे केलं, ते आजाराने आतून केलं होतं.

चाचणी करायची की नाही

इथे बाईंच्या घरात आणि माझ्या मित्रमंडळींत मतभेद झाले. एक मत असं, की निदान कळलंच आहे, औषधं सुरू करा. दंडाच्या धमनीवर पट्टा आवळून सोडायचा आणि अल्ट्रासाऊंडने ती किती रुंदावते ते बघायचं, अशी बिनधोक चाचणी १९९२ पासून उपलब्ध आहे, तीच करा, असं दुसरं. ती चाचणी संशोधनात सुंदर आहे, पण मोजणाऱ्याच्या हातावर, खोलीच्या तापमानावर, रुग्णाने चहा घेतला की नाही यावर आकडा हलतो. एकट्या रुग्णाचा निर्णय मी तिच्यावर घेणार नाही. शिवाय दंडाची मोठी धमनी बघून हृदयातल्या बारीक वाहिन्यांचं अनुमान करावं लागतं.

माझं मत हृदयाच्या धमनीतच औषधं सोडून मोजावं असं होतं, कारण औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरणार होतं. वाहिन्या आखडण्याचा आजार असेल तर एक प्रकारची औषधं, वाहिन्या पुरेशा रुंद होत नसतील तर दुसरी. दोन्हींत छाती सारखीच दुखते. ग्लासगोच्या 'कॉरमायका' अभ्यासात, २०१८ साली, अँजिओग्राफीत अडथळा न सापडलेल्या १५१ रुग्णांची अशी चाचणी झाली. अर्ध्यांचे निकाल डॉक्टरांना सांगून त्यानुसार उपचार ठरवले, अर्ध्यांचे झाकून ठेवून नेहमीचे उपचार चालू ठेवले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची छातीदुखी आणि रोजचं जगणं, दोन्ही सुधारलेलं होतं. औषधं तीच, जुनीच. फरक कुणाला कोणतं, एवढाच.

चाचणीत धोका अगदी नाही असं नाही. ॲसिटिलकोलीनने ठोके काही क्षण मंदावतात, क्वचित लय बिघडते, म्हणून ती सराव असलेल्या ठिकाणीच व्हावी. बाईंची मुंबईच्या एका केंद्रात झाली. वाहिन्या सैल करणारी औषधं आधी थांबवली होती.

प्रथम ॲडेनोसिन हे वाहिन्या रुंदावणारं औषध देऊन प्रवाह किती पट वाढतो ते मोजलं. तो १.८ पट वाढला. दोनपेक्षा कमी म्हणजे बारीक वाहिन्यांची कुवत घटलेली. त्या वाहिन्यांच्या अडथळ्याचा निर्देशांक २९ आला. २५ किंवा त्याहून जास्त असला की तो वाढलेला धरतात. मग डाव्या धमनीत ॲसिटिलकोलीन २, २० आणि १०० मायक्रोग्रॅम, टप्प्याटप्प्याने. शेवटच्या टप्प्याला बाई स्वतःच म्हणाल्या, "हेच ते. माटोळीकडचं." ईसीजीतला एसटी भाग खाली गेला. पडद्यावर मात्र मोठ्या धमनीचं आकुंचन ४० टक्क्यांच्या आसपासच होतं. मोठ्या धमनीचा झटका (स्पॅझम, म्हणजे अचानक आखडणं) म्हणायला ९० टक्के आकुंचन लागतं. दुखणं आलं, ईसीजी बदलला आणि मोठी धमनी बरीचशी उघडी, याचा अर्थ आखडल्या होत्या त्या न दिसणाऱ्या बारीक वाहिन्या. नायट्रोग्लिसरीन दिल्यावर मोठी धमनी पूर्ण उघडली, दुखणं हळूहळू गेलं.

निदान: हृदयाच्या सूक्ष्म वाहिन्यांचा झटका, सोबत त्यांची रुंदावण्याची कुवत कमी. ॲडेनोसिन मुख्यतः स्नायूवर थेट काम करतं, तेव्हा सगळा दोष अस्तरावर ढकलता येणार नाही. स्नायूही थोडा ताठरलेला आहे.

परत आल्यावर बाईंनी एकच विचारलं: "म्हणजे दुखतंय ते खरंच दुखतंय ना, डॉक्टर?"

या प्रश्नामागे वर्षभराचं ऐकून घेणं होतं. बायकांची ट्रेडमिल चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येते, हे वाक्य आम्ही डॉक्टर सर्रास वापरतो. त्यात तथ्य आहे, पण त्या खोट्या म्हटलेल्या चाचण्यांतल्या काही खऱ्या असतात, अँजिओग्राफीला न दिसणाऱ्या आजाराच्या. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या 'वाइज' अभ्यासाने हे बायकांमध्येच तपासलं. धमन्या मोकळ्या, पण छातीदुखी आणि रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा असलेल्या बायकांना पुढे हृदयाचा त्रास होण्याची शक्यता सामान्य बायकांपेक्षा जास्त निघाली. धमनी मोकळी म्हणजे धोका शून्य, असं नाही.

उपचार

सगळ्यांत आधी प्रोप्रॅनोलॉल बंद केलं. वाहिन्या सैल करणाऱ्या बीटा-२ वाटा ते अडवतं, आखडवणाऱ्या वाटा मोकळ्या राहतात, आणि वाहिन्या आखडण्याच्या आजारात दुखणं लांबू शकतं. बाईंच्या वहीतल्या तारखा बरोबर होत्या.

मुख्य औषध दीर्घकाळ काम करणारं डिल्टियाझेम. ते स्नायूपेशीत शिरणारं कॅल्शियम अडवतं, म्हणजे अस्तराचा हुकूम आला नाही तरी स्नायूला आखडता येऊ नये. रात्रीचा डोस ठेवला, कारण त्रास पहाटेचा. सोबत रोसुव्हास्टॅटिन. एलडीएल उतरवण्यापलीकडे स्टॅटिन ईनॉसचं कामही सुधारतात. सिम्वास्टॅटिन मुद्दाम टाळलं, डिल्टियाझेममुळे त्याची रक्तातली पातळी चढते. रामिप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने कोरडा खोकला सुरू झाला, वर्गात बोलता येईना, म्हणून ते बदलून टेल्मिसार्टन दिलं. मधुमेहाची औषधं वाढवली.

जिभेखालची सॉर्बिट्रेट पर्समध्ये राहिली, पण ती कधी लागू पडते, कधी नाही, हे बाईंना सांगून ठेवलं. नायट्रेटचं नायट्रिक ऑक्साईडमध्ये रूपांतर मोठ्या वाहिन्यांत चांगलं होतं, अगदी बारीक वाहिन्यांत तोकडं पडतं. गोळीने दुखणं थांबलं नाही म्हणून ते हृदयाचं नाही, असा निष्कर्ष पूर्वी एकाने काढला होता. तो उलटा होता.

पणजीला राहणाऱ्या मुलाने जिममधून आर्जिनिनची पावडर आणली. तर्क बिनतोड वाटतो: आर्जिनिनपासूनच वायू बनतो, मग आर्जिनिन द्या. पण अस्तरात आर्जिनिनचा तुटवडा सहसा नसतोच, विकर बिघडलेलं असतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनिन देऊन बघणारा 'व्हिंटेज एमआय' हा अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा दिसला नाही, आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि तो आधीच थांबवावा लागला. पावडर परत पाठवली. मुलगा नाराज झाला, पैसे गेले म्हणून जास्त.

त्याऐवजी जेवणात तांबडी भाजी वाढवा म्हटलं, ती घरच्या परसात होतीच. माठवर्गातल्या पालेभाज्यांत नायट्रेट भरपूर असतं. जिभेवरचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून शरीर ईनॉसला वळसा घालून नायट्रिक ऑक्साईड बनवू शकतं. इथे एक गंमत निघाली. हिरड्यांसाठी बाई महिनोन्महिने जंतुनाशक गुळण्या करत होत्या, आणि त्या गुळण्या नेमक्या याच जीवाणूंना मारतात. दंतवैद्यांना विचारून त्या थांबवल्या. भाजीने आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही, औषधाची जागा ती घेत नाही. पण उशीर झाला की बाजारचे वडे, ही सवय मोडायला तिचा उपयोग झाला.

चालण्याबद्दल मात्र मी आग्रही होतो. लायप्झिगच्या हाम्ब्रेख्ट यांच्या गटाने २००० मध्ये हृदयधमनीचा आजार असलेल्यांना चार आठवडे नियमित व्यायाम करायला लावला, आणि ॲसिटिलकोलीनला त्यांच्या धमन्या पूर्वीइतक्या आखडेनाशा झाल्या. वाढलेला प्रवाह अस्तराला रोज तोच निरोप देतो आणि पेशी विकर वाढवून प्रतिसाद देतात. बाईंना चालायची भीती वाटत होती, कारण चालल्यावरच दुखत होतं. म्हणून सुरुवात सपाट रस्त्याने, ऊन पडल्यावर, आधी हळूहळू अंग तापवून. गार पहाटे नाही.

राहिला धूर. यजमान म्हणाले, "मी आत ओढतच नाही, डॉक्टर. ओसरीवर ओढतो." ओसरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी आहे, हे बाईंनी लगेच सांगितलं. ते आता गडग्याबाहेर जाऊन ओढतात. सोडलेली नाही, पाकिटं निम्मी झाली आहेत असं म्हणतात. माझा त्यावर पुरता विश्वास नाही.

सहा महिन्यांनी

एचबीए१सी ७.०, एलडीएल ६८, रक्तदाब १२६/७८. जवळजवळ रोज होणारं दुखणं आता क्वचित, तेही थंडीत किंवा घरात काही कटकट झाली तर. शाळेचा चढ न थांबता चढतात. डिल्टियाझेमने बद्धकोष्ठ झाला, इसबगोलावर भागलं. पहाटेचं दुखणं एकदाच परतलं, ते औषध संपून दोन दिवस आणायचं राहिलं तेव्हा. पुन्हा अँजिओग्राफी करायची का, असं मुलाने विचारलं. मी नको म्हटलं. तिच्यात पूर्वी जे दिसलं नव्हतं ते आताही दिसणार नाही.

काळजी राहते ती दुसऱ्या गोष्टीची. रात्री छातीत दुखून बाई कुठल्याही दवाखान्यात गेल्या की नॉर्मल अँजिओग्राफीचा तो कागद बघून त्यांना परत घरी पाठवलं जाईल. त्यात एखाद्या दिवशी खरा हृदयविकाराचा झटकाही (हार्ट अटॅक) असू शकतो, कारण मधुमेह आहे आणि मोठ्या धमन्या कायमच्या स्वच्छ राहतील याची हमी नाही. म्हणून लेटरहेडवर अर्धं पान लिहून, प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या पर्समध्ये ठेवायला दिलं आहे. त्यावर चाचणीची तारीख, ॲसिटिलकोलीनला आलेला प्रतिसाद आणि चालू औषधांची नावं आहेत. खाली ठळक अक्षरांत: ईसीजी व ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्तचाचणी) करावे. ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा करावे. दुखणे थांबत नसल्यास दाखल करावे. प्रोप्रॅनोलॉल देऊ नये. निदान सिद्ध आहे, गॅस किंवा टेन्शन म्हणून घरी पाठवू नये.

शेवटची ओळ मी लिहिली नव्हती, बाईंनी सांगून लिहवून घेतली.